धोकादायक इमारतींच्या वादात तज्ज्ञ समितीवर कोणाला नेमावे?

सहचिटणीस

नमस्कार. मुंबईलगतच्या एका शहरातील गृहनिर्माण संस्था आणि जुन्या चाळींमधील रहिवासी यांच्या समन्वय समितीचे काम मी पाहतो. आमच्या महानगरपालिकेत धोकादायक इमारतींच्या वर्गवारीवरून सतत वाद होत असतात. मालकाने करून घेतलेल्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत ‘सी-१’ ठरते, म्हणजे ती ताबडतोब रिकामी करून पाडावी असा निष्कर्ष निघतो. भाडेकरूंनी नेमलेल्या अभियंत्याच्या अहवालात मात्र तीच इमारत ‘सी-२ बी’ ठरते, म्हणजे रहिवाशांना न हलवता तिची दुरुस्ती होऊ शकते. सहकारी संस्थांमध्येही हेच घडते. तिथे पुनर्विकासाला अनुकूल असलेले सभासद एका बाजूला आणि त्याला विरोध करणारे दुसऱ्या बाजूला असतात. अशा वेळी दोन्ही अहवाल महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात आणि व्यवहारात तिचेच मत अखेरचे ठरते.

या समितीची आता पुनर्रचना होणार आहे. आजवर तिच्यावर मुख्यतः महापालिकेचेच अभियंते होते. बाहेरचे तज्ज्ञ घेण्यास प्रशासन तयार झाले असून, त्यांच्या निवडीचे निकष काय असावेत याबद्दल आमच्याकडून लेखी सूचना मागवल्या आहेत. अशी संधी वारंवार येत नाही, म्हणून घाईने चार नावे लिहून देण्यापेक्षा निवडीची रीतच नीट मांडावी असे आम्हा सर्वांना वाटते.

अडचण अशी आहे की स्वतंत्र म्हणावा असा तज्ज्ञ शोधायला निघालो की प्रत्येकाचा कुठे ना कुठे संबंध निघतो. नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरांची नोंदणी महापालिकेकडे असते आणि त्यांचे उत्पन्न बहुधा विकासकांकडून येते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्राध्यापक महापालिकेच्याच पुलांची आणि टाक्यांची तपासणी करून देतात. सेवानिवृत्त पालिका अभियंत्यांना शहरातील इमारतींची खडान्‌खडा माहिती असते, परंतु ज्या कार्यालयाने नोटीस बजावली त्याच कार्यालयात त्यांची हयात गेलेली असते. कोणताही संबंध नसलेला माणूसच हवा असा हट्ट धरला तर या विषयातले काहीच न कळणारा माणूस हाती येईल, ही भीतीही खरी आहे.

म्हणून जाणकारांना माझे विचारणे असे आहे: कोणता संबंध चालण्याजोगा मानावा आणि कोणता मानू नये? नेमणूक कोणी करावी? आणि केवळ पदवी व अनुभवाची वर्षे यांखेरीज तज्ज्ञाकडे आणखी काय पाहावे?

ओळंबा

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण दोन अहवाल परस्परविरोधी का येतात हे समजल्याशिवाय समितीवर कोण हवा हे ठरवता येणार नाही.

दोन अभियंत्यांपैकी एक खोटे बोलत असतो असे पुष्कळ रहिवाशांना वाटते. तसे कधी कधी असतेही. पण बहुतेक वेळा दोघांनी वेगवेगळे कॉलम तपासलेले असतात. तळमजल्यावरचा, संडास-मोरीच्या लगतचा, वर्षानुवर्षे ओल धरून बसलेला कॉलम घेतला तर निष्कर्ष एक येतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीतला कॉलम घेतला तर दुसरा येतो. म्हणजे वादाचे मूळ चाचणीच्या यंत्रात क्वचित असते, चाचणीची जागा कोणी निवडली यात अधिक असते.

चाचण्यांचे आकडेही आपण समजतो तितके बोलके नसतात. रिबाउंड हॅमरने (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या हातोड्याने) काढलेल्या काँक्रीटच्या ताकदीत २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकते असे आपल्या भारतीय मानकातच म्हटलेले आहे, आणि जुन्या, कार्बोनेट झालेल्या (हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे कडक बनलेल्या) पृष्ठभागावर तर हॅमरचा आकडा वाढूनच येतो. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरींचा वेग ठरावीक मर्यादेपेक्षा कमी आला तर काँक्रीट शंकास्पद मानण्याचा प्रघात आहे, परंतु काँक्रीट ओले असेल किंवा लहरीच्या वाटेत सळई असेल तर वेग जास्त दिसतो. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचे वाचन आले की सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक आहे असे समजतात. मात्र सळईचा किती भाग गंजून गेला आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून सळई उघडी करावी लागते आणि तिचा उरलेला व्यास मोजावा लागतो. कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोलाकार तुकडा, काढून केलेली चाचणी सर्वांत विश्वासार्ह, आणि आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात तिचे निकष स्पष्ट आहेत: कोअरांच्या ताकदीची सरासरी अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. पण हा निकष मुळात नव्या बांधकामाच्या स्वीकृतीसाठी आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारतीत मूळ काँक्रीट कोणत्या प्रतीचे धरले होते याचा कागदच बहुधा उपलब्ध नसतो.

इतके विस्ताराने सांगण्याचे कारण असे की ‘सी-१’ हा निष्कर्ष कोणत्याही एका आकड्यातून आपोआप निघत नाही, तो अनुभवी माणसाच्या निर्णयबुद्धीतून निघतो. समितीवर म्हणूनच केवळ उत्तम डिझाइन करणारा किंवा केवळ प्रयोगशाळा चालवणारा तज्ज्ञ पुरेसा नाही. ज्याने स्वतः टेकू लावून, गिलावा काढून, गंजलेल्या सळया बदलून कॉलमला जॅकेटिंग (भोवती नव्या काँक्रीटचे वेष्टण) केले आहे आणि दुरुस्त केलेली इमारत पुढे दहा पावसाळे कशी वागली हे पाहिले आहे, असा निदान एक सदस्य हवाच. जॅकेटिंग केव्हा निभावते आणि केव्हा तो केवळ पैशाचा अपव्यय ठरतो, हे त्यालाच कळते.

दुसरा सदस्य भारवाही भिंतींच्या आणि लाकडी सांगाड्याच्या बांधकामाचा जाणकार हवा. आपल्या भागातील अनेक चाळी आरसीसी, म्हणजे सळयांच्या काँक्रीटच्या, नाहीतच. त्यांत विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया आहेत. आरसीसीत आयुष्य घालवलेला अभियंता अशा वास्तूत शिरला की झुकलेला जिना आणि भिंतीवरची ओल पाहून तिला सरसकट मोडीत काढतो. वास्तविक कुजलेल्या तुळईची टोके बदलून ती इमारत पुष्कळ वर्षे टिकू शकते. उलटही खरे आहे. खांबाचा तळ वाळवीने पोखरलेला असेल तर बाहेरून चकचकीत रंग दिलेली चाळ अत्यंत धोकादायक असू शकते. तिसरा सदस्य पाया आणि माती यांचा अभ्यास असलेला असावा. खाडीलगतच्या भरावावर उभ्या असलेल्या इमारतींच्या वादात पायाचा प्रश्न बहुतेक वेळा कोणी काढतच नाही.

आता संबंधांविषयी. माझ्या मते नोंदणी महापालिकेकडे आहे एवढ्यावरून कोणाला अपात्र ठरवू नये, कारण मग कोणीच उरणार नाही. पाहायचे ते हे की त्या शहरात त्याची सध्या कोणती कामे चालू आहेत, पुनर्विकासाच्या प्रकल्पांत तो सल्लागार आहे का, आणि ज्यांचे अहवाल समितीपुढे येणार त्या अभियंत्यांशी त्याची भागीदारी आहे का. यावर सोपा उपाय शहराबाहेरच्या माणसांना बोलावण्याचा आहे. व्हीजेटीआय, आयआयटी मुंबई, अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय, पुण्याचे सीओईपी अशा संस्थांत या विषयाचे जाणकार आहेत. मात्र त्या संस्थेकडे आपल्या महापालिकेचे तपासणीचे कंत्राट आहे का, हे तिथेही विचारून घ्यावे.

आणखी एक मुद्दा फारसा कोणी मांडत नाही. समितीच्या चुकीचे परिणाम दोन्ही बाजूंना सारखे नसतात. दुरुस्त होण्याजोगी इमारत ‘सी-१’ ठरवली तर माणसे घराबाहेर जातात आणि अनेकदा परत येत नाहीत. पडायला आलेली इमारत ‘सी-२ बी’ ठरवली तर माणसे मरतात. घाटकोपरची साई दर्शन इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांचा प्रश्न त्या वेळी पुढे आला. अशा दुर्घटनेनंतर आपल्यावर गुन्हा दाखल होईल ही भीती ज्या तज्ज्ञाच्या मनात असते, तो प्रत्येक फाइलवर ‘सी-१’ लिहून मोकळा होतो. त्याला स्वतंत्र म्हणता येत नाही, कारण त्याचे मत इमारतीवर आधारलेले नसते. सद्भावनेने दिलेल्या आणि कारणांसह नोंदवलेल्या मताला महापालिकेचे कायदेशीर संरक्षण राहील, असे बाहेरच्या सदस्यांच्या नियुक्तिपत्रात स्पष्ट लिहून घ्या. त्याबरोबरच, अंतिम मत होईपर्यंत टेकू लावणे, एखादा भाग रिकामा करणे, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांचा भार उतरवणे असे तात्पुरते आदेश सुचवण्याचा अधिकारही समितीला द्यावा. तो नसेल तर समितीपुढे दोनच टोके उरतात.

पागडीतली खोली

वरील प्रतिसाद मी दोनदा वाचला. आम्ही भाडेकरू आहोत आणि आमच्या इमारतीचे प्रकरण अशाच एका समितीपुढे जाऊन आले आहे. समितीवरील सदस्य विद्वान नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांनी पाहणी केली त्या दिवशी मालकाचा अभियंता त्यांच्यासोबत होता आणि आम्हाला पाहणीची तारीख दुसऱ्या दिवशी समजली. आमच्या अभियंत्याचा अहवाल का मान्य केला नाही हे निर्णयात एका ओळीनेही लिहिलेले नव्हते. ज्याला आपले घर सोडायचे आहे त्याला किमान कारण तरी समजले पाहिजे.

आपल्या सूचनांमध्ये एक कलम अवश्य घाला. ज्या इमारतीची मालक स्वतः महापालिका आहे, तिच्या वादात महापालिकेचा एकही अभियंता, आजी किंवा माजी, समितीवर बसू नये. माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजी कोसळली, ६१ माणसे गेली. ती इमारत महापालिकेची होती आणि त्यात महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती. मालक, दुरुस्ती करणारा आणि धोका ठरवणारा हे तिन्ही एकच असतील तर चुकून काही सुटले तरी ते दाखवून देणारा कोणीच नसतो.

आणि इमारत पाडण्याचा निर्णय झालाच, तर प्रत्येक भाडेकरूचे चटईक्षेत्र मोजून, नोंदवून मगच पाडकाम व्हावे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली मुंबईसाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या त्यांत हे आहे. समितीने आपल्या मतासोबत ही मोजणी झाल्याची खातरजमा करून घ्यावी, एवढीच आमची मागणी आहे. घराचा हक्क शाबूत राहील याची खात्री असेल तर पुष्कळ भाडेकरू धोकादायक घर सोडायला स्वतःहून तयार होतील. ते हट्टाला पेटतात ते ही खात्री नसल्यामुळे.

उलटतपासणी

वकील या नात्याने नेमणुकीच्या प्रश्नापुरते लिहितो.

मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३५४ आणि इतर महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६४ यांनुसार मोडकळीस आलेली इमारत पाडण्याची नोटीस निघते. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींच्या तपासणीची सक्ती अनुक्रमे कलम ३५३ ब आणि २६५ अ यांनुसार आहे. तांत्रिक सल्लागार समिती मात्र या कलमांमध्ये नाही. ती २०१४ च्या त्या मार्गदर्शक सूचना आणि पालिकांची परिपत्रके यांतून आकाराला आली. म्हणून ती अपील ऐकणारे न्यायाधिकरण नाही, तिच्या रचनेला वैधानिक चौकट नाही आणि सदस्य निवडण्याची पद्धतही कायद्याने घालून दिलेली नाही. आपल्या हातात आज जी मोकळीक आहे ती यामुळेच.

दुसरीकडे, तिच्या मताविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका केली तर न्यायालय सर्वसाधारणपणे तांत्रिक मताच्या खरेखोटेपणात शिरत नाही. समितीने दोन्ही बाजू ऐकल्या का, चाचण्या झाल्या का, कारणे दिली का, एवढेच तपासते. काँक्रीट आणि सळई यांच्या प्रश्नावर म्हणूनच ही समिती पहिली आणि जवळजवळ शेवटची पायरी आहे. वैधानिक अपील नसलेल्या सल्लागार मंडळाला प्रत्यक्षात अपिलापेक्षा जास्त वजन आलेले आहे, आणि माझ्या मते निवडीची रीत लेखी व कडक असण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

आपल्याच राज्यात दोन अगदी वेगळे नमुने आहेत. बांधकाम परवानगी नाकारली किंवा जाचक अटींवर दिली तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. ते शासन किंवा उपसचिवापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी ऐकतो. त्याच्यासोबत तांत्रिक तज्ज्ञ बसलाच पाहिजे असे बंधन नाही. याउलट रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालील अपिलीय न्यायाधिकरणात न्यायिक सदस्याच्या जोडीला तांत्रिक किंवा प्रशासकीय सदस्य असतो आणि सदस्यांची शिफारस करणाऱ्या निवड समितीवर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती किंवा त्यांनी नामनिर्देशित केलेली व्यक्ती, गृहनिर्माण विभागाचे सचिव आणि विधी सचिव असतात. महापालिकेच्या समितीसाठी इतकी मोठी यंत्रणा उभी करता येणार नाही हे उघड आहे. पण ज्याच्या आदेशाला आव्हान दिले आहे त्याने एकट्याने निवाडा करणारे निवडू नयेत, हे तत्त्व तिथून घेता येते. लवादाच्या क्षेत्रात सर्वोच्च न्यायालयाने पर्किन्स ईस्टमन प्रकरणात २०१९ साली हीच दिशा दाखवली: निकालात ज्याचा हितसंबंध आहे अशा पक्षकाराने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये.

प्रत्यक्षात पुढीलप्रमाणे करता येईल. आयुक्तांनी नावे ठरवण्याऐवजी दोन-तीन अभियांत्रिकी संस्थांच्या संचालकांकडून आणि अभियंत्यांच्या मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्थेकडून नावे मागवावीत, त्यांची पंधरा-वीस जणांची नामिका (पॅनेल) तयार करून ती जाहीर करावी आणि प्रत्येक प्रकरणासाठी त्यातून तीन जण पाळीने किंवा चिठ्ठी टाकून निवडावेत. प्रकरण पाहून माणूस निवडला जातो ही शंका चिठ्ठीने सर्वांत लवकर नाहीशी होते. ‘ओळंबा’ यांनी सांगितलेली विशेष ज्ञानाची गरज त्यात बसवता येते. नामिकेचे आरसीसी दुरुस्ती, भारवाही व लाकडी बांधकाम, आणि पाया असे गट करून प्रकरणाला लागेल त्या गटातूनच चिठ्ठी काढावी.

हितसंबंधांच्या बाबतीत नवे काही शोधण्याची गरज नाही. लवाद व सलोखा अधिनियमाला २०१५ च्या दुरुस्तीने जोडलेली पाचवी अनुसूची पाहा. एका पक्षाचे काम मागील तीन वर्षांत केले आहे का, त्याच पक्षाने वारंवार नेमणूक केली आहे का, कुटुंबातील कोणाचा आर्थिक संबंध आहे का, असे प्रश्न तिच्यात तयार आहेत. त्यांवरून एक पानी प्रकटीकरणाचा नमुना करावा, प्रत्येक प्रकरणाआधी सदस्याने तो भरून द्यावा आणि दोन्ही पक्षांना दाखवून हरकत घेण्यास सात दिवस द्यावेत. सेवानिवृत्त पालिका अभियंत्यांनाही हीच तीन वर्षांची अट लावता येईल, आणि ज्या प्रभागात त्यांनी काम केले तिथल्या प्रकरणांत त्यांनी कधीच बसू नये.

रारिटनकाठचा

मी न्यू जर्सीत स्थापत्य अभियंता म्हणून काम करतो. इथल्या बांधकाम अपील मंडळांपुढे ग्राहकांच्या वतीने उभे राहण्याचे प्रसंग येतात, म्हणून इथली रचना सांगतो. परिस्थिती पुष्कळ वेगळी आहे. इथले बरेच वाद जिना, आगप्रतिबंधक दरवाजे, विद्युतजोडणी अशा नियमांच्या अर्थावरून होतात, इमारत पाडण्यावरून तुलनेने कमी. तरीही निवडीच्या काही गोष्टी उपयोगी पडतील.

राज्याच्या १९७५ च्या बांधकाम संहिता कायद्याने प्रत्येक काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) पाच सदस्यांचे अपील मंडळ ठेवले आहे. नगरपालिका स्वतःचे वेगळे मंडळ स्थापू शकते, पण मूळ रचनेत सदस्यांची नेमणूक काउंटीचे शासन करते, म्हणजे ज्या शहराच्या अधिकाऱ्याने आदेश दिला त्या शहराकडे ती नसते. एक सदस्य वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता हवा, एक नळकामाच्या आणि एक विजेच्या निरीक्षकाइतकी पात्रता असलेला हवा, आणि एकाच व्यवसायातले दोनपेक्षा जास्त सदस्य असता कामा नयेत. हे शेवटचे बंधन मला फार मोलाचे वाटते. सगळेच सदस्य सल्लागार अभियंते असले तर ते एकमेकांच्या अहवालांना सौम्यपणे घेतात. पाचांत एखादा अनुभवी बांधकाम कंत्राटदार असला की दुरुस्तीला खरोखर किती दिवस आणि किती पैसे लागतील हा प्रश्न कोणीतरी विचारतो.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधारभूत मानल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत अपील मंडळाचे सदस्य अनुभव व प्रशिक्षणाने पात्र असावेत आणि त्या स्थानिक संस्थेचे कर्मचारी नसावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. तिच्या परिशिष्टात, जे स्थानिक शासनाने स्वीकारले तरच लागू होते, आणखी तपशील आहे: वैयक्तिक, व्यावसायिक किंवा आर्थिक संबंध असलेल्या सदस्याने ते अपील ऐकू नये, सुनावणी सर्वांना खुली असावी, आणि अपील करणारा व अधिकारी यांच्यासोबत ज्यांच्या हिताला बाधा पोहोचते अशा कोणाही व्यक्तीला म्हणणे मांडू द्यावे. भाडेकरू ताईंनी किंवा दादांनी वर जी तक्रार मांडली आहे तिचे उत्तर या शेवटच्या तरतुदीत आहे. वाद मालक आणि पालिका यांच्यात असला तरी घरात राहणारा माणूस ऐकला गेलाच पाहिजे.

या संहितेत मंडळाला मर्यादाही आहे. अधिकाऱ्याने नियमाचा अर्थ चुकीचा लावला, नियम त्या बांधकामाला पूर्णपणे लागू होत नाही, किंवा सुचवलेली पर्यायी रीत तितकीच चांगली आहे, असे मंडळ म्हणू शकते. नियमच माफ करण्याचा अधिकार त्याला नाही. तज्ज्ञांवर येणारे दडपण यामुळे कमी होते, कारण कनवाळूपणाची अपेक्षा त्यांच्याकडून कोणी करू शकत नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात मुदतही आहे: अर्जदाराच्या संमतीने वाढवली नसेल तर कामकाजाच्या दहा दिवसांत कारणांसह निर्णय द्यायचा, आणि तो दिला नाही तर अपील फेटाळले असे धरून अर्जदाराला थेट न्यायालयात जाता येते. निर्णय अडकवून ठेवणे हाही एक निर्णयच असतो, म्हणून मुदतीचे कलम विसरू नका.

सहचिटणीस

सर्वांचे मनापासून आभार. नामिका, चिठ्ठी, तीन वर्षांचे प्रकटीकरण, भाडेकरूंना सुनावणी आणि सकारण निर्णय हे मुद्दे आम्ही मसुद्यात घेतले आहेत. महापालिकेच्या मालकीच्या इमारतींसाठीचे वेगळे कलमही घेतले आहे.

दोन शंका राहतात. बाहेरगावच्या तज्ज्ञांचे मानधन कोणी द्यावे? ते पालिकेने दिले तर तज्ज्ञ पालिकेचा होतो आणि मालकाने दिले तर मालकाचा होतो, अशी शंका बैठकीत निघाली. दुसरे असे की आमच्याकडे बहुतेक नोटिसा पावसाळ्याच्या तोंडावर निघतात आणि तेव्हा सात दिवसांची हरकत, चिठ्ठी, सुनावणी या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, असे अधिकारी विचारतात. हा आक्षेप मला निराधार वाटत नाही.

ओळंबा

मानधनाचा दर प्रकरणागणिक घासाघीस न करता आधीच जाहीर करावा आणि निर्णय कोणत्याही बाजूने गेला तरी तेवढाच द्यावा. ज्याने वर्गवारीला हरकत घेतली त्याने आणि दुसऱ्या पक्षाने निम्मी-निम्मी रक्कम पालिकेकडे अनामत ठेवावी. तज्ज्ञाला पैसे पालिकेकडून मिळावेत, पक्षाशी त्याचा आर्थिक व्यवहार होऊ नये. मात्र खोलीत राहणाऱ्या भाडेकरूंना निम्मी रक्कम उभी करणे जड जाते. त्यामुळे त्यांच्या वाट्यावर मर्यादा घालून उरलेला भार पालिकेने उचलावा, नाहीतर हरकत घेण्याचा हक्क फक्त पैसेवाल्यांचा होईल. कोअर आणि इतर चाचण्यांचा खर्च मानधनापेक्षा बराच जास्त असतो. तो वेगळा धरावा आणि प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त असावी.

वेळेच्या बाबतीत अधिकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण अडचण नोटिसांच्या वेळापत्रकात आहे. धोकादायक इमारतींच्या याद्या मे महिन्यात जाहीर करण्याची आपल्याकडे सवय पडली आहे, तर ऑडिट मात्र वर्षभर येत असतात. दोन अहवालांत तफावत आढळली की ते प्रकरण त्याच महिन्यात समितीकडे पाठवावे आणि दिवाळीनंतर ते मार्चअखेर या काळात सुनावण्या उरकाव्यात. कोअर काढणे, कॉलम उघडून पाहणे ही कामेही कोरड्या दिवसांतच नीट होतात. जून-जुलैत खरोखरच तातडीचे प्रकरण उद्भवले तर नामिकेतील दोन सदस्यांनी अठ्ठेचाळीस तासांत पाहणी करून टेकू, अंशतः स्थलांतर किंवा पूर्ण स्थलांतर यांपैकी काय हवे तेवढेच सांगावे. पाडण्याचा प्रश्न पूर्ण समितीने पाऊस संपल्यावर ठरवावा. अपवाद फक्त तिथे करावा जिथे रिकामी इमारतही शेजारच्या वस्तीवर किंवा रस्त्यावर कोसळण्याचा धोका दिसतो.

मसुद्यात आणखी एक कलम जोडा. कोणते कॉलम, बीम आणि स्लॅब तपासायचे हे समितीने दोन्ही पक्षांच्या अभियंत्यांसह जागेवर उभे राहून ठरवावे, त्यांवर खडूने क्रमांक घालून छायाचित्रे घ्यावीत आणि त्या जागांच्या नकाशावर समिती आणि दोन्ही अभियंते अशा तिघांच्या सह्या व्हाव्यात. तपासणीच्या जागांवर आधीच एकमत झाले की पुढचे निम्मे भांडण होतच नाही, हा माझा अनुभव आहे.